मासा पेरमाची लाल कोंबडी

कोंबडी दाणा टिपत नव्हती.

मासा पेरमाला आम्ही दवाखान्याच्या ओसरीत चटईवर आणून बसवलं होतं. बसवलं म्हणजे त्याची बायको जुरी त्याच्या पाठीशी टेकून बसली होती म्हणून तो बसलेला दिसत होता. त्याच्या हातात माझी लाल कोंबडी. पुढं सारवलेल्या जमिनीवर मूठभर तांदूळ. कोंबडीची चोच आणि तांदूळ यांच्यात चार बोटांचं अंतर. कोंबडीनं एकदा तांदळाकडं पाहिलं, एकदा बाहेर पावसाकडं पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

पेरमा म्हणजे माडिया लोकांच्या गावचा पुजारी. त्यांची रीत अशी, की देवाला कोंबडी द्यायची तर आधी तिच्यापुढं तांदूळ टाकायचा. तिनं टिपला तर देवानं कोंबडी घेतली. देवाला ते पेन म्हणतात. नाही टिपला तर पेननं घेतली नाही, मग ती कापता येत नाही. कोंबडी कापल्याशिवाय मासा तोंडात काही घेणार नव्हता. आणि आज दिवसभरात त्याच्या पोटात काही गेलं नाही तर तो उद्याचा दिवस बघणार नाही, असं डॉक्टर सकाळीच माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगून गेले होते. म्हणजे एका माणसाचा जीव एका कोंबडीच्या भुकेवर येऊन अडकला होता, आणि कोंबडीला भूक नव्हती.

मी तिथं स्वयंपाकीण होते. माझं माहेर ब्रह्मपुरीजवळचं, शिक्षण चौथी पास. नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा मी माझं गाठोडं उचललं. माझा भाऊ जंगलखात्यात नाकेदार होता, त्यानं भामरागडच्या वाटेवरच्या एका सरकारी दवाखान्यात मला लावून दिलं. पन्नास सालानंतरची गोष्ट आहे ही. तेव्हा आमच्या चांदा जिल्ह्यात तिकडं रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी, आणि पावसाळ्यात तीही नाही. दवाखाना म्हणजे सहा खाटा, एक डॉक्टर, एक कंपाउंडर आणि मी. माझ्या कामात भात, वरण, पेज, पाणी तापवणं, चादरी उकळणं आणि कोंबडीचं पाणी एवढं येत असे. त्यातलं कोंबडीचं पाणी सोडलं तर बाकी कोणीही केलं असतं.

आता लोक त्याला सूप म्हणतात आणि माझी नातसून ते पाकिटातून काढते. त्या पाकिटावर कोंबडीचं चित्र असतं, तेवढाच कोंबडीचा संबंध. म्हणून खरं कसं करतात ते सांगते.

कोंबडी म्हातारी पाहिजे. अंडी द्यायची थांबलेली. कोवळ्या कोंबडीचा रस्सा चवीला बरा लागतो, पण पाण्यात काही उतरत नाही. पाय टाकायचे नाहीत. म्हणजे फेकायचे नाहीत. ते जाळावर धरून वरचं साल काढायचं आणि पाण्यात घालायचे, कारण सगळा चिकटपणा पायांत असतो. पाणी गार घ्यायचं, कोंबडी त्यात सोडायची आणि मग चूल पेटवायची. उकळी फुटू द्यायची नाही, गंजातलं, म्हणजे पातेल्यातलं, पाणी नुसतं हललं पाहिजे. वर फेस येतो तो काढत राहायचा. तीन तास. त्यात आलं, लसणाच्या चार पाकळ्या, पाच-सहा मिरे. तिखट नाही, तेल नाही. मग फडक्यातून गाळायचं, थोडं निवू द्यायचं, वरची चरबी काढायची आणि मीठ शेवटी घालायचं. आमच्याकडं पाण्यात मीठ आधी घालणारी सून आली की सासू सगळ्या गावाला सांगते. त्यात सासूचं चुकत नाही.

याचा उपयोग काय, असं लोक विचारतात. डॉक्टर नवीन आले तेव्हा मीच त्यांना विचारलं होतं. ते देशावरचे, वयानं माझ्याहून दहा वर्षं लहान, अंडंसुद्धा न खाणारे. ते म्हणाले, "गिरजाबाई, यात औषध काही नाही. पाणी आहे, मीठ आहे, थोडं सत्त्व आहे. दुसरं काहीच न मानणारं पोट हे मानतं, एवढंच." मी तीस वर्षं हे काम केलं, त्या एवढंचच्या पुढं मला काही सापडलं नाही. छातीतला कफ सुटतो. घाम येतो. जिभेला चव येते आणि माणूस भातासाठी भांडायला लागतो. भांडायला लागला की आपण सुटलो. पण यानं ताप उतरत नाही, हाड जुळत नाही आणि म्हाताऱ्याचा तरुण होत नाही.

हे शेवटचं एका बांबूच्या ठेकेदाराला पटत नव्हतं. तो दर आठवड्याला खोकत यायचा आणि डॉक्टरांकडून कोंबडीचं पाणी लिहून घ्यायचा. त्याला घरी तिसरी बायको होती. रोग्यांच्या वाटची कोंबडी त्याच्यात घालवायची माझी इच्छा नव्हती. मी त्याला भाताच्या पेजेत मिरे आणि लसूण घालून गाळून दिलं. महिनाभर दिलं. तो म्हणाला, "बाई, दहा वर्षं मागं गेलो मी." मी म्हटलं, "जा भाऊ, तिथंच राहा."

एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही, तीही सांगून टाकते. आमच्याकडं जो ताप यायचा त्याला डॉक्टर टायफाइड म्हणायचे. त्यात आतडी आतून सोलून निघतात, म्हणून ताप उतरल्यावरही कितीतरी दिवस गाळलेलं पाणी आणि पातळ पेज याशिवाय काही द्यायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता. माझ्या दुसऱ्याच वर्षी एक कूपकटाई, म्हणजे जंगलात लाकूडतोड, करणारा मजूर होता. ताप उतरला होता, भूक लागली होती. रोज मला म्हणायचा, "बाई, तंगडी फेकून देऊन राह्यली, मले दे ना." मला वाटलं, भुकेला माणूस आहे, काय होतंय. एक तंगडी दिली. तिसऱ्या दिवशी त्याचं पोट फुगलं आणि तो गेला. डॉक्टर म्हणाले, असं कधी कधी आपोआपही होतं. त्यांना तंगडीचं माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

तर मासा.

तो आला तेव्हा पावसाळा निम्मा झाला होता. त्याच्या गावच्या चौघांनी त्याला काठीला बांधलेल्या झोळीतून आणला आणि ते लगेच परत गेले, कारण नदी चढत होती. बरोबर राहिली ती जुरी. डॉक्टरांनी त्याला त्या तापाच्या नव्या गोळ्या दिल्या, हातातून मिठाचं पाणी सोडलं. नवव्या दिवशी ताप उतरला. त्याच दिवशी मिठाच्या पाण्याच्या बाटल्या संपल्या. नव्या बाटल्यांची पेटी नदीच्या पलीकडच्या नाक्यावर येऊन पडली होती. ती तिथंच राहिली, कारण पुरात डोंगा, म्हणजे लाकडाची होडी, घालायला कोणी तयार नव्हतं. आता जे जायचं ते तोंडातूनच जायला पाहिजे होतं.

डॉक्टरांनी आधी दूध सांगितलं. कंपाउंडर राजन्ना सिरोंच्याकडचा, त्याला तेलुगू, गोंडी आणि आमची बोली तिन्ही येत. त्यानं मासाला दुधाचं सांगितलं. मासानं डोळे उघडले आणि हळू आवाजात काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"तो म्हणतो, मी वासरू आहो काय."

ते लोक दूध पीत नाहीत. गाईचं दूध वासराचं, असा त्यांचा हिशेब. मग पेज नेली, तीही नाही. कोंबडीच्या पाण्याचं नाव काढलं तेव्हा कळलं की खरी अडचण चवीची नव्हतीच. ताप चढला त्या दिवशी मासानं पेनला लाल कोंबडी नवसाला बोलली होती. ताप उतरला, आता कोंबडी देणं आलं. ती दिल्याशिवाय तो पाण्याखेरीज तोंडात काही घेणार नव्हता.

डॉक्टर चिडले. "त्याला सांग, ताप माझ्या गोळ्यांनी उतरला."

राजन्नानं सांगितलं. उत्तर आलं ते असं, "मंग डागतरनं आपल्या देवाले कोंबडी द्यावी. मी माह्या देवाले देतो."

डॉक्टर दोन दिवस वाद घालत राहिले. मासा दोन दिवस उपाशी राहिला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याची नाडी धरली, बराच वेळ सोडली नाही, आणि मग मला येऊन विचारलं, "गिरजाबाई, तुमच्याकडं लाल कोंबडी आहे?"

दवाखान्यामागं मी कोंबड्या पाळल्या होत्या. त्या साली गावात रोग येऊन खुराडीच्या खुराडी रिकामी झाली होती. माझ्याकडं चार राहिल्या होत्या आणि त्यात लाल एकच. म्हातारी, जाड पायांची, अंडी थांबलेली. मला जशी लागते तशी. जुरीनं तिला उलटीपालटी करून पाहिली, मासानं तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं हात ठेवला की ती त्याची झाली. संध्याकाळी मी तिला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात डाल्याखाली झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी देवाचं करायचं ठरलं. दाणा टिपण्याची रीत तेव्हाच राजन्नानं आम्हाला सांगितली.

"आणि नाही टिपला तर?" डॉक्टरांनी विचारलं.

"टिपते, साहेब. कोंबडी आहे ते. तांदूळ नाई खाणार तर काय खाईल?"

"पण नाही टिपला तर?"

"मंग पेन नाराज. दुसरा दिवस, दुसरी लाल कोंबडी."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. दुसरी लाल कोंबडी नव्हती आणि मासाकडं दुसरा दिवसही नव्हता.

आणि सकाळी ती ओसरीत डोळे मिटून बसली होती.

जुरीनं तांदूळ थोडा पुढं सरकवला. कोंबडीनं एक डोळा उघडला. राजन्ना खाली बसून जिभेनं टक टक आवाज करायला लागला. कोंबडीनं त्याच्याकडं पाहिलं आणि चोच पंखात घातली. डॉक्टर आत औषधाच्या खोलीत उभे होते. आपला या प्रकाराशी संबंध नाही हे दाखवायला त्यांनी दार अर्धं लोटलं होतं. त्या अर्ध्या दारातून आवाज आला, "टिपला का?"

"नाई, साहेब."

थोड्या वेळानं पुन्हा, "अजून नाही?"

"नाई ना."

मासाच्या हातातली ताकद जात चालली होती. कोंबडी हातातून निसटत नव्हती याचं कारण एवढंच की तिला कुठं जायचं नव्हतं. मासानं राजन्नाला जवळ बोलावलं आणि बोलला. राजन्नाचा चेहरा उतरला.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"म्हणतो, पेन कोंबडी घेऊन नाई राह्यला. म्हणजे या घरात कोणी काही लपवून राह्यलं. ज्यानं लपवलं त्यानं सांगावं. नाई सांगितलं तर मले आत नेऊन निजवा."

पाऊस कौलांवर पडत होता. आत नेऊन निजवा याचा अर्थ आम्हाला सगळ्यांना कळला.

मला त्या मजुराची तंगडी आठवली. दोन वर्षं झाली होती, मी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि हा माणूस माझ्यासमोर बसून म्हणत होता की कोणीतरी लपवतंय. मी देवाधर्माची फार नाही. पण तेव्हा मला भीती वाटली. सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात माझं लक्ष कोंबडीच्या गळ्याकडं गेलं.

कोंबडीच्या गळ्याखाली एक पिशवी असते. खाल्लेला दाणा आधी तिथं जमा होतो. उपाशी कोंबडीची पिशवी हाताला लागत नाही. या कोंबडीची पिशवी मोठ्या लिंबाएवढी फुगून छातीवर एका बाजूला लोंबत होती. मी जन्मभर कोंबड्या हाताळल्या, अशी पिशवी पाहिली नव्हती.

आता मला हे सांगणं भाग आहे की पहाटे उठल्यावर मी त्या कोंबडीला तांदळाच्या कण्या टाकल्या होत्या. रात्रभर मला वाटत राहिलं होतं, ही टिपेल का? म्हणून फक्त बघितलं. टिपल्या तिनं, पटापट टिपल्या. मला बरं वाटलं, म्हणून आणखी चार टाकल्या. पण माझ्या मुठीनं एवढी पिशवी भरत नाही. हे एकट्याचं काम नव्हतं.

"राजन्ना," मी म्हटलं, "मी सकाळी हिला कण्या टाकल्या होत्या. टिपते का पाहायला."

राजन्ना माझ्याकडं बघत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "किती टाकल्या बाई तू?"

"मूठभर."

"मी बी टाकला."

"काय?"

"तांदूळ. तू पाण्याले गेली होती तवा. म्हटलं, एकदा पाहून घ्यावं. लोकाच्या जिवाचं काम आहे."

"किती?"

"ओंजळभर असंन."

हे सगळं आमच्या बोलीत चाललं होतं. पण जुरीला डाल्याकडं दाखवलेलं बोट आणि मूठ समजली असणार. ती नवऱ्याच्या पाठीमागून हळूच काहीतरी बोलली. राजन्नानं कपाळाला हात लावला. "हिनं बी टाकला. उजाडायच्या आधी. हिनं सोबत आणलेले कोदोचे दाणे होते."

तिघांच्या मुठी मी मनात मोजल्या, तरी ती पिशवी जास्तच वाटत होती. मी औषधाच्या खोलीच्या अर्ध्या दाराकडं पाहिलं. राजन्नानंही पाहिलं.

"डॉक्टरसाहेब," मी म्हटलं, "तुम्ही नाही ना काही खायला घातलं हिला?"

दार उघडलं नाही. आतून आवाज आला, "बिस्किटं."

"किती?"

"चार. चुरा करून. मला फक्त बघायचं होतं तिची भूक शाबूत आहे की नाही. प्राणी आजारी असता तर रोग्याला देता आला नसता. मी वैद्यकीय दृष्टीनं बघितलं."

राजन्नानं हे सगळं, मुठी, ओंजळ, कोदो, बिस्किटं आणि वैद्यकीय दृष्टी, मासाला गोंडीत सांगितलं. सांगायला वेळ लागला. मासा ऐकत होता. मग त्याच्या पोटातून एक आवाज आला. मी घाबरले, मला वाटलं संपलं. पण तो हसत होता. अकरा-बारा दिवसांत त्याच्या तोंडातून बोलण्याशिवाय आलेला तो पहिला आवाज. हसता हसता तो कोंबडीसकट एका बाजूला कलंडायला लागला, तेव्हा जुरीनं त्याला सरळ केला.

"म्हणतो," राजन्ना म्हणाला, "पेन नाराज नाई. कोंबडीचं पोट भरलं. पण टिपल्याशिवाय कापता नाई येत, ते नाईच येत. तिले भूक लागेपर्यंत थांबा."

एवढी पिशवी रिकामी व्हायला संध्याकाळ झाली असती. नंतर तीन तास माझ्या चुलीचे. डॉक्टर आता दारात आले होते. त्यांनी मासाची नाडी पाहिली आणि माझ्याकडं बघून मान हलवली.

मग मला माझ्या खुराड्यातलं एक रोजचं भांडण आठवलं. पोट भरलेली कोंबडी दाण्याकडं बघत नाही, हे खरं. पण तिच्यासमोर दुसरी येऊन तोच दाणा खायला लागली तर ती गप्प बसत नाही. ती पोटात जागा नसतानाही खाते. माणसांची पंगत पाहिलेल्या कोणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

माझ्याकडं एक काळी कोंबडी होती, फार हावरट. पावसामुळं सकाळपासून कोंडलेली आणि उपाशी. मी राजन्नाला म्हटलं, "विचार त्याला, दुसरी कोंबडी शेजारी बसवली तर चालते का?"

मासानं विचारलं, ती पण देवाला द्यायची आहे का?

"नाही म्हणावं. पाहुणी आहे."

मासा थोडा वेळ विचार करत राहिला. पुजारी होता, उगाच हो म्हणणारा नव्हता. मग म्हणाला, पेनच्या घरी पाहुण्याला मनाई नाही. पण लाल कोंबडीनं आपल्या मनानं टिपलं पाहिजे, तिची मान कोणी दाबायची नाही.

मी काळीच्या पायाला सुतळी बांधली आणि तिला तांदळाच्या दुसऱ्या बाजूला सोडली. तिनं देव, पुजारी, सरकार कशाकडं पाहिलं नाही. सरळ खायला लागली. एक दाणा. दोन दाणे. लालनं मान वर केली. काळीनं तिसरा दाणा उचलला तेव्हा लालनं मासाच्या हातातूनच पुढं झेप घेतली, काळीच्या डोक्यावर एक चोच मारली आणि खाली वाकून टिपला. एकदा, दोनदा, तीनदा.

"टिपला का?" डॉक्टर तिथंच उभे होते, समोर बघत होते, तरी त्यांनी विचारलं.

"टिपला, साहेब."

डॉक्टरांनी पाठ फिरवली आणि ते पाऊस किती पडतोय ते बघायला लागले. सुरी मासानं धरली आणि त्याच्या हातावर राजन्नानं हात धरला. त्यापुढचं काम माझं.

पण आणखी एक भांडण व्हायचं होतं. काळीज भाजून देवाला दाखवायचं आणि पुजाऱ्यानं खायचं, अशीही रीत निघाली. मी म्हटलं, नाही. राजन्ना म्हणाला, "बाई, इवलुसा तुकडा आहे." मी म्हटलं, इवलासा असो नाहीतर अख्खी कोंबडी असो, या खाटेवरच्या माणसाच्या तोंडात माझ्या हातानं तुकडा जाणार नाही. मी एवढ्या जोरानं बोलले की डॉक्टरही माझ्याकडं बघायला लागले. काऊन एवढी चिडून राह्यली, असं राजन्नानं विचारलं. मी सांगितलं नाही.

जुरीनं तो वाद मिटवला. ती राजन्नाच्या तोंडून म्हणाली, "इतके वर्सं हा माह्या हातचं खाऊन राह्यला. आज याच्या वाटचं मी खातो." मासा कुरकुरला, पण तिनं काळीज खाल्लंसुद्धा. बोटं चाटून ती पुन्हा त्याच्या पाठीशी जाऊन बसली.

पिशवी मी स्वयंपाकघरात फाडली. आत कण्या, तांदूळ, कोदो आणि बिस्किटाचा लगदा, एकावर एक थर. मी ती डॉक्टरांना नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला.

तीन तास लागतात म्हणजे तीन तास लागतात. डॉक्टर चार वेळा येऊन झालं का विचारून गेले. चौथ्या वेळी मी त्यांना गंजाचा फेस काढायला बसवलं. अंडंही न खाणारा माणूस, नाकाला रुमाल बांधून पळीनं फेस काढत बसला, आणि चांगला काढला.

दुपार कलली तेव्हा मी पानाच्या दोन्यात पाणी घेऊन गेले. तामचिनीच्या कपातून मासा प्यायला नसता. जुरीनं चमचाभर त्याच्या तोंडात घातलं. त्यानं ते तोंडात फिरवलं, गिळलं आणि राजन्नाकडं बघून काही बोलला.

"म्हणतो, मीठ कमी आहे."

मला त्याचा राग यायला पाहिजे होता, मीठ बरोबर होतं. पण मला एक माहीत आहे. मरणारा माणूस मिठाबद्दल बोलत नाही. मी म्हटलं, "त्याला सांग, मीठ डॉक्टरांनी मोजून दिलंय. भांडायचं तर त्यांच्याशी भांड." तो भांडला. दोना संपवून भांडला.

त्यानंतर दर दोन तासांनी चार चमचे. दुसऱ्या दिवशी अर्धा दोना. त्याच कोंबडीचे पाय मी तीन दिवस उकळले. चौथ्या दिवशी त्यानं पेज मागितली, आठव्या दिवशी मला शिव्या दिल्या. राजन्नानं त्या आमच्या बोलीत सांगायला नकार दिला. नदी उतरली तेव्हा त्याच्या गावचे चौघे झोळी घेऊन आले. तो म्हणाला, झोळीत जुरीला बसवा, मला चालायचंय. ती बसली नाही. दोघं चालत गेली.

मिठाच्या पाण्याची पेटी त्याच दिवशी अलीकडं आली. आली ती लगेच उघडावी लागली, कारण आदल्या रात्री राजन्नाला ताप चढला होता. त्याला मी पंचवीस दिवस कोंबडीचं पाणी पाजलं आणि त्यानं रोज सांगितलं की सिरोंच्याला त्याची आई याहून चांगलं करते. तुकडा त्यालाही दिला नाही.

त्या पावसाळ्यात त्या तापाचे सात जण आमच्या खाटांवर आले. चौघं गेले, त्यात एक नऊ वर्षांची मुलगी होती. मासा पेरमा, राजन्ना आणि कोठी गावाकडची एक बाळंतीण, एवढे तिघं जगले.